फोन माझ्याच हातात ठेवल्याबद्दल

तळमजल्यावरच्या भाडेकरू मुला,

समोर आभार मानले की तू ‘अहो काकू, त्यात काय’ म्हणून सटकतोस. म्हणून आता चारचौघांतच लिहिते.

हे गेल्यावर शेअर्स माझ्या नावावर झाले आणि सव्वानऊ ते साडेतीन मी चार्टपुढे खिळून बसायला लागले. ट्रेडिंगव्ह्यू या चार्ट दाखवणाऱ्या ॲपवर अलर्ट लावता येतो, म्हणजे आपण टाकलेला भाव आला की फोन वाजतो, एवढं ऐकून होते. नौपाड्यातल्या एका क्लासच्या सरांनी फी आधी मोजून घेतली आणि शंका विचारली की ‘मॅडम, व्हिडिओ परत बघा’. भाच्याने तर फोन हिसकावलाच, भराभर अंगठा फिरवला, ‘झालं मावशी!’ काय झालं ते त्यालाच ठाऊक. तो अलर्ट एकदा वाजला आणि मग गपगार. ‘फक्त एकदाच’वर ठेवला होता, हे तू सांगितलंस तेव्हा कळलं.

तू फोनला हातसुद्धा लावला नाहीस. दोन्ही हात पाठीमागे बांधून सोफ्याशेजारी उभा राहिलास. मी भलतंच काहीतरी उघडलं, तरी तुझे हात पुढे आले नाहीत. ‘मागे या, सापडेल’ एवढंच म्हणालास. अलर्टचं घड्याळाचं चिन्ह माझं मलाच सापडलं. भाव टाकायची वेळ आली तेव्हा तू तोंड खिडकीकडे वळवलंस. कुठला शेअर, किती आहेत, अवाक्षर नाही. नाहीतर डीमॅट, म्हणजे शेअर्सचं खातं, म्हटलं की जो तो टिप द्यायला धावतो, आमच्या सोसायटीत तर लिफ्टमध्येसुद्धा!

‘फोन बंद पडला तर?’ या माझ्या प्रश्नाला तू हसला नाहीस. अलर्ट त्यांच्या सर्व्हरवर चालतो, चार्ट उघडा ठेवायची गरज नाही, फोन सुरू झाला की निरोप दिसेल, हे शांतपणे सांगितलंस. भाव नुसता शिवून गेला तरी वाजतो. तसं नको असेल तर कँडल, म्हणजे चार्टवरची ठरावीक वेळेची एक कांडी, बंद झाल्यावरचा पर्याय घ्यायचा. आणि तो फक्त हाक मारतो, विकायचं की नाही ते आपण ठरवायचं. हे मला फार आवडलं. असं शिकवणारी माणसं अजून आहेत, बरं वाटतं.

काल जांभळी नाक्यावर भाजी घेताना अलर्ट वाजला. मी आधी मेथीची जुडी निवडून घेतली, मग फोन बघितला.

शनिवारी बाजार बंद असतो. मामलेदारची मिसळ माझ्याकडून. तिखट झेपतं का, ते मात्र आधी सांग.

तुझी,
दुसऱ्या मजल्यावरची काकू