लाल दिव्यावर आम्हालाही अडवा: नाशिकच्या पोलीस आयुक्तांना खुले पत्र

मा. पोलीस आयुक्त,
नाशिक शहर

महोदय, स. न. वि. वि.

सायकलवाल्यांची पत्रं आपल्याकडे येतात ती बहुधा खड्ड्यांची नाहीतर रिक्षावाल्यांची गाऱ्हाणी घेऊन. मी आमचीच तक्रार करतो आहे.

एका रविवारी त्र्यंबकेश्वरहून परतताना आमचा वीसेक जणांचा घोळका होता. सातपूर सोडल्यावर सिग्नल लाल झाला. पुढचे निघून गेले होते. मागे पडायला नको म्हणून मीही तसाच घुसलो. एक आजी फुलांची पाटी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. माझं हँडल त्यांच्या कोपराला लागलं. त्या मट्कन खाली बसल्या, शेवंती रस्ताभर झाली. मनगट मुरगळलं होतं. दवाखान्यात नेताना त्या एवढंच म्हणाल्या, "गाडीचा आवाज तरी येतो रे बाबा. तुझा काहीच आला नाही."

ताशी तीस किलोमीटरने जाणारी सायकल एका सेकंदात आठ मीटर पुढे जाते, तीही बिनआवाजाची. माझ्या महागड्या सायकलला साधी घंटीही नव्हती. त्याच दिवशी बसवली.

सायकल मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, ई-चलान नाही. त्यावरून आमच्यातल्या अनेकांनी परस्पर ठरवलं की सिग्नलही आपला नाही. गंगापूर रोडवर भल्या सकाळी तिघे-चौघे शेजारी-शेजारी गप्पा मारत जातात, मागे दुधाची गाडी हॉर्न वाजवत राहते. कानात इअरफोन. दुभाजकाची फट लांब पडते म्हणून राँग साइड. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं, तेव्हा दुचाकीवाल्यांनी पंपावर वाद घातले आणि आम्ही मजा पाहिली. ते आठवलं की आज लाज वाटते.

नाशिकला सायकलीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. २०१५ साली इथल्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका सायकलने आरपार पार केली. पण त्या अभिमानाच्या आडून आजींना धडक द्यायची मुभा मिळत नाही.

विनंती अशी, की रविवारी सकाळी सहा ते नऊ त्र्यंबक रोडवरच्या सिग्नलवर एखादा हवालदार ठेवा. आम्ही लाल दिवा मोडला तर बाजूला घ्या, नियमात बसेल ती कारवाई करा, निदान पंधरा मिनिटं उभं करा. आमच्यासारख्यांना ती पंधरा मिनिटं पैशांपेक्षा जास्त लागतील.

मात्र हाच न्याय सातपूर-अंबडच्या कामगाराला लावू नका. रात्रपाळी सुटल्यावर बिनदिव्याची सायकल दामटणाऱ्याला दंड केला तर त्याची दिवसाची कमाई जाईल. त्याच्या मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. कंपन्यांच्या गेटवर पाळी सुटताना हे काम करायला माणसं लागली, तर आमच्या ग्रुपमधले बाराजण तयार आहेत. पट्ट्यांचा खर्चही आम्ही करू.

२०२७ च्या सिंहस्थात याच त्र्यंबक रोडवरून लाखो माणसं पायी जाणार आहेत. त्याआधी आम्हाला थांबायची सवय लागायला हवी.

येत्या रविवारी आम्ही साडेसहाला निघतो आहोत, दोन-दोनच्या रांगेत. हवालदार पाठवावा.

आपला नम्र,
एक नाशिककर सायकलस्वार