तुझी ती लिंकांची यादी बघितली

बाळा,

तू काल रात्री पाठवलेली इंग्रजी सुधारायच्या साइटांची यादी आज निवांत बसून बघितली. सत्तावीस लिंका! त्यातल्या किती उघडल्यास ते विचारत नाही, कारण माझ्या फोनमध्येपण "नंतर बघू" म्हणून साठवलेला असाच एक ढीग आहे आणि ते "नंतर" काही अजून उगवलेलं नाही. यातलं कुठलं चांगलं असं विचारलंयस, ते फोनवर सांगायला गेले असते तर दुसऱ्या मिनिटाला "हो गं आई, कळलं" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय.

आधी माझी फजिती ऐक. नोकरीला लागले तेव्हा मी प्रत्येक मेलमध्ये "वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर" असं ठोकून द्यायचे, आणि एकदा साहेबांनी त्यातलं अबाउट लाल करून मेल परत पाठवली, तीही सगळ्या सेक्शनला सीसीत ठेवून. लाज वाटली ते ठीक, पण का चुकलं ते कोणालाच सांगता येईना, जो तो म्हणे "नसतं गं तसं". घरातली जाडजूड डिक्शनरी काढली तर त्यात डिस्कस म्हणजे चर्चा करणे, संपलं! अर्थ मला येतच होता, अडलं होतं ते वापरापाशी.

बऱ्याच वर्षांनी ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीजच्या साइटवर सहज तोच शब्द टाकून बघितला. तिथे आधी दिलंय की डिस्कसच्या पुढे थेट विषय येतो, मग विथ लावून माणूस, आणि खाली चक्क टीप की "डिस्कस अबाउट" म्हणता येत नाही, डिस्कशन हा नामाचा शब्द पण बघा. आणि डिस्कशनला मात्र अबाउट चालतं! तेव्हा डोक्यात उजेड पडला की आपण मनात "त्याबद्दल चर्चा केली" म्हणतो आणि ते "बद्दल" गुपचूप इंग्रजीत शिरतं. ही चूक आपलीच अशी नाही बरं का, जगभर शिकणारे लोक ती करतात, म्हणून तर टीप द्यावी लागली त्यांना.

तर सत्तावीसमधली एकच ठेवायची म्हणालास तर मी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेली डिक्शनरी, ठेवीन. ऑक्सफर्डची घे नाहीतर केंब्रिजची, दोन्ही फुकट आहेत. फक्त अर्थ बघून पळू नकोस, शब्दाशेजारची बारीक अक्षरं वाच. केंब्रिजमध्ये चौकटी कंसात यू दिसला की तो शब्द मोजता येत नाही, म्हणजे त्याला एस लागत नाही. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, आणि हो, फीडबॅक. तू सरांना लिहिलेल्या मेलमध्ये "युवर फीडबॅक्स" आहे, मी गप्प बसले होते.

ग्रामर चेकरचं सांगते, कारण तुझा सगळा भरवसा त्याच्यावर दिसतोय. वापर की, मीपण वापरते, स्पेलिंग आणि सुटलेले एस पकडायला तो झकास आहे. पण त्याच मेलमध्ये तू लिहिलंयस "आय स्टॉप्ड टॉकिंग टू युवर असिस्टंट अबाउट द फॉर्म". तुला म्हणायचं होतं की जाता जाता थांबून मी त्यांच्याशी फॉर्मबद्दल बोललो, ते होतं "स्टॉप्ड टू टॉक". तू लिहिलेल्याचा अर्थ मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं! दोन्ही वाक्यं व्याकरणाने चोख, त्यामुळे खाली लाल रेघ नाही की निळी नाही, तुझ्या मनात काय होतं ते त्या बिचाऱ्याला कसं कळणार. स्टॉपच्या पुढे टू आलं तर काय आणि आयएनजी आलं तर काय, हे केंब्रिजच्या साइटवर ग्रामरचा वेगळा भाग आहे त्यात आहे, पाच मिनिटांचं काम.

रिपोर्टमध्ये संदर्भ कसे द्यायचे, एपीए की एमएलए (संदर्भ लिहायच्या दोन पद्धती), ही डोकेदुखी आली की पर्ड्यू युनिव्हर्सिटीची आऊल उघडायची, म्हणजे त्यांची ऑनलाइन रायटिंग लॅब. 1994 पासून चालू आहे, दिसायला रुक्ष आहे पण तिथे नमुन्याचा अख्खा पेपरच ठेवलाय, तो समोर ठेवून आपला जुळवायचा. ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे कार्यक्रम आहेत, खाली संवाद लिहिलेला असतो. बास.

आणि ते "वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन (विथ, टू, अबाउट असले शब्द) नको" वगैरे नियम सांगणारी पानं तू जमवलीयस ना, ती खुशाल उडव. 1672 मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांना या कारणावरून नावं ठेवली, पुढे शाळामास्तरांनी ते उचलून धरलं. इंग्रज माणूस तेव्हाही तसं बोलायचा, आत्ताही बोलतो. असा नियम समोर आला की आधी मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीच्या साइटवर शोधायचं, तिथे शब्दाच्या वापरावर छान लेख असतात, नियम कुठून आला आणि लोक तो खरंच पाळतात का ते सांगतात.

अजून एक गंमत, गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर. डिफरंट फ्रॉम, डिफरंट टू, डिफरंट दॅन, तिन्ही स्वल्पविराम देऊन टाक, छापील पुस्तकांत कुठल्या काळात कुठलं किती आलं त्याचा आलेख येतो. फ्रॉम सगळ्यांच्या वर, मग वर ब्रिटिश की अमेरिकन निवडून बघ, टू आणि दॅनच्या रेघा कशा हलतात ते. मी एकदा अर्धी रात्र त्यात घालवलीय, बाबांना सांगू नकोस. फक्त तिथे पुस्तकंच आहेत हं, मित्राला मेसेज काय करायचा ते त्यावरून ठरवायचं नाही.

यादी पुसायची नसेल तर नको पुसू, पण एका वहीत तुझ्या स्वतःच्या चुका लिहायला लाग, आधी चुकलेलं वाक्य आणि खाली बरोबर. माझ्या वहीत पहिल्या पानावर अजून डिस्कस आहे.

तो सरांचा मेल अजून गेला नसेल तर थांबव, अजून एक जागा आहे त्यात, ती तूच शोध. गेला असेल तर त्या असिस्टंटना भेटून सांग बाबा की बोलणं चालू आहे.

तुझी,
आई