बाबा, त्या व्हिडिओबद्दल

प्रिय आई-बाबा,

रविवारी येऊन गेले पण जे बोलायला आले होते ते बोललेच नाही. आईने साबुदाण्याची खिचडी केली, आपण तिघं मॅच बघत बसलो, आणि बाबा तुम्ही अख्ख्या दुपारभरात एकदाही माझ्याकडे नीट बघितलं नाहीत. वाकडला परत येताना बसमध्ये तेच डोक्यात घोळत होतं, म्हटलं आता लिहूनच टाकते, समोर बसलं की माझा घसा दाटतो आणि तुम्ही विषय बदलता.

आई म्हणाली तीन आठवडे झाले तुम्ही सारसबागेत गेला नाहीत. रिटायर झाल्यापासून भर पावसात छत्री घेऊन तळ्यातल्या गणपतीला जाणारा माणूस! गुडघा दुखतोय असं तुम्ही सांगताय, पण बाबा, गुडघ्याचं काही नाही, ते त्या व्हिडिओमुळे आहे हे मला माहितीये.

मी तो पूर्ण बघितलाय, ४१ सेकंदांचा आहे, आणि एकदा नाही तर तीन-चारदा बघितला कारण मला कळायचं होतं की नक्की काय झालं. मित्रमंडळ चौकाजवळ तुम्ही फुटपाथवर बसलाय, शर्टाच्या बाहीला माती, घामाने चेहरा ओला, आणि उजव्या हाताने जमिनीवर चाचपडताय. चष्मा वीतभर लांब पडलाय, एक काडी मोडलेली. ज्याच्या हातात फोन आहे त्याला तो चष्मा दिसतोय, कारण तो त्याच्यावर झूम करतो. झूम करतो पण उचलून देत नाही. मागून कोणीतरी म्हणतं, "काका सकाळी सकाळीच फुल झालेत", आणि दोघंतिघं हसतात. मग केळीवाल्या मावशी येतात, तुमच्या आणि फोनच्या मधे पदर पसरून उभ्या राहतात आणि ओरडतात, "ए, फोन ठेव आधी, पाणी आण". तिथे व्हिडिओ संपतो.

तुमची शुगर ५२ वर आली होती बाबा. रिकाम्या पोटी गोळी घेऊन चालायला गेलात म्हणून. शुगर एवढी उतरली की घाम येतो, जीभ जड होते, तोल जातो, बघणाऱ्याला वाटतं प्यायलाय. त्या मुलांना हे माहीत नसेल, ठीक आहे, पण माहीत नसताना लोकांनी निदान "काका काय होतंय" एवढं विचारावं ना? समजा एखादा खरंच प्यायलेला असता तरी त्याचा तसा व्हिडिओ काढून फिरवायचा हक्क कोणाला आहे? आणि तोच व्हिडिओ "पुण्यातले संस्कारी आजोबा" असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर आला, तिथून काकाने घरच्या ग्रुपवर टाकून विचारलं "हा आपला दादा का?", आणि आईला तर भिशीत कळलं. ज्याने काढला त्याचा मला राग आहेच, पण ज्यांनी तुम्हाला ओळखलं आणि तरी पुढे पाठवला त्यांचा जास्त आहे.

तुमचा तो यशिका कॅमेरा आठवतो का? रोलमधे ३६ फोटो, त्यामुळे तुम्ही सगळ्यांना उभं करून "तयार?" असं विचारल्याशिवाय बटण दाबायचा नाहीत, आणि आज्जी "थांब रे, पदर नीट करू दे" म्हणाली की थांबायचात. आता थांबायला कोणी सांगूच शकत नाही, कारण फोटो निघालाय हेच माणसाला कळत नाही.

माझ्या एका वकील मैत्रिणीला विचारलं. आयटी अ‍ॅक्टमधे ६६ई कलम आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण ते शरीराच्या खाजगी भागांच्या फोटोंपुरतं आहे. भारतीय न्याय संहितेचं ७७ कलम आहे, ते बाईचं चोरून चित्रण केलं तर लागतं. (आई, लक्ष्मी रोडवरच्या ट्रायल रूमबद्दल तू विचारत होतीस ना, ते यात येतं.) पण म्हातारा माणूस रस्त्यात पडला आणि त्याची कोणी टिंगल केली तर नेमकं बसेल असं कलम नाही, फार तर मानहानीचा मार्ग आहे असं ती म्हणाली. मला ऐकून खूप वाईट वाटलं. तिनेच मग पुट्टस्वामींबद्दल सांगितलं. कर्नाटक हायकोर्टाचे रिटायर्ड जज, २०१२ मधे, वयाच्या ८६ व्या वर्षी आधारच्या विरोधात सुप्रीम कोर्टात गेले, आणि त्याच केसमधे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ जजेसनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस होता तो बाबा. त्या वयात त्यांना वाटलं की हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे.

आता आई, तुझ्याशी बोलायचंय. गेल्या वर्षी तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी तुझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता, हॉस्पिटलचा गाऊन, हाताला सलाईन, केस विस्कटलेले, खाली लिहिलं "आई इज फाइन". तू एवढंच म्हणालीस, "अगं केस तरी विंचरू द्यायचेस". मी हसून सोडून दिलं. बाबांचा व्हिडिओ बघितल्यावर मला तुझं ते वाक्य आठवलं आणि रात्री झोप लागेना. मी प्रेमाने टाकला होता हे खरं, पण तुला विचारलं नव्हतं, आणि तू कशी दिसावीस हे ठरवायचा हक्क तुझा होता. माझं चुकलं आई. माझ्या फोनमधला तो फोटो काढून टाकलाय, पण ग्रुपवरचा आता सगळ्यांच्या फोनमधून निघत नाही, तर मावशीला आणि काकूला फोन करून त्यांच्याकडचा काढायला सांगितलाय.

सोसायटीच्या ग्रुपवरून बाबांचा व्हिडिओ अ‍ॅडमिनने डिलीट केला, मी सेक्रेटरींना घरी जाऊन भेटले, त्यांनी माफी मागितली. काकानेही काढला. बाहेर अजून कुठेकुठे असेल तो माझ्या हातात नाही, खोटं कशाला सांगू. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार लिहून तयार ठेवलीये, पण पाठवलेली नाही. व्हिडिओ तुमचा आहे, तुम्ही हो म्हणालात तरच पाठवीन, नाही म्हणालात तर विषय बंद, मी परत काढणार नाही.

आणि एक. तुम्ही खाली बसला होतात आणि चष्मा शोधत होतात, यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. त्या ४१ सेकंदांत लाज वाटावी अशी माणसं फोनच्या मागे होती.

शनिवारी सकाळी साडेसहाला येते. आधी काहीतरी खाऊन घ्या, गोळी नंतर, आणि खिशात खडीसाखर ठेवा. मोडक्या चष्म्याला काडी बसवून आणलीये, तो घालून निघू. जाताना मावशींकडून डझनभर केळी घ्यायचीत, आणि त्यांचं नाव काय ते मला त्यांना विचारायचंय.

तुमची,
छकुली