सहीशिवाय परत आलेला कागद

॥ श्री ॥
पंचवटी, नाशिक
रविवार, दुपार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकायला तुझ्या कारखान्यात जी समिती करायची आहे, तिच्यासाठी बुधवारी तू पोराबरोबर पाठवलेलं संमतिपत्र सोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही. बाबा म्हणाले, फोन करून सांग की. पण फोनवर तू "हो आई, बघतो" म्हणतोस आणि मागे ग्राइंडर चालू असतो. म्हणून लिहिते आहे. रात्री जेवण झाल्यावर वाच, शॉपमध्ये नको.

तुझ्या मेसेजमध्ये मोजून चार वाक्यं होती. शी-बॉक्सवर, म्हणजे सरकारच्या या तक्रारींच्या पोर्टलवर, समितीची नोंद करायची आहे. बाहेरचा एक सदस्य लागतो. तुझं नाव टाकतो. फक्त सही दे. त्या 'फक्त'पाशी मी दोन दिवस अडकून बसले आहे.

माझ्याकडे का आलास ते कळतं. अशाच तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर आई आहेच, तिला कायदा ठाऊक आहे, घरचं माणूस, फुकटात काम होईल. फुकटात नाही रे. बाहेरच्या सदस्याला बैठकीच्या दिवसाचे 200 रुपये द्यायचे, असं नियमांतच लिहिलंय. 200 रुपयांत पंचवटीहून अंबडला तुझ्या कारखान्यापर्यंत रिक्षासुद्धा जाऊन-येऊन होत नाही, म्हणून बहुधा प्रवासखर्च वेगळा ठेवलाय.

पण सही न करण्याचं कारण ते नाही. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती कारखान्याच्या अंतर्गत समितीपुढे चालत नाही, आमच्याकडे येते. उद्या तुझ्याकडची एखादी मुलगी तुझ्याविरुद्ध अर्ज घेऊन आली तर टेबलापलीकडे कोण? तुझी आई. मला उठून बाहेर बसावं लागेल, आणि मी बसेनही. आणि तक्रार तुझ्याविरुद्ध नसून फोरमनविरुद्ध असली, तर तुझ्या समितीत 'बाहेरची' म्हणून कोण? पुन्हा मीच. मग तिने जायचं कुठे?

दुसरं, तू विचारलंस की मस्टरवर आठच माणसं आहेत तर हे आपल्याला लागू तरी होतं का. आठ कसली? दसऱ्याला मशिनच्या पूजेला आले होते तेव्हा पेढे मीच वाटले. चौदा लागले. तुझी आठ, कॉन्ट्रॅक्टरकडून आलेल्या वायरिंगच्या तिघी, आयटीआयची दोन अप्रेंटिस पोरं आणि झाडू मारणाऱ्या मावशी. 2013 च्या कायद्यात रोजंदारीवरचा, कंत्राटदाराचा, शिकाऊ, सगळे कर्मचारीच. दहा माणसं झाली की समिती तुझी तुलाच करावी लागते. दहाच्या आतल्यांसाठी आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी आमची.

आणि अध्यक्ष म्हणून अकाउंट्सच्या मुलीचं नाव. वहीत तिच्या नावापुढे तू पेन्सिलीने लिहिलंयस, 'शांत आहे'. त्या पानाचा फोटो तू चुकून मलाही पाठवलास. ओंकार, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. अध्यक्ष म्हणून वरच्या पदावरची बाई हवी, असं कायदा म्हणतो, गप्प बसणारी हवी असं नाही. तुझ्याकडे तशी बाई आहे की! वायरिंगच्या सुपरवायझर बाई. दसऱ्याला सगळ्यांच्या देखत तुला म्हणाल्या, "साहेब, आधी फेरूल आणि लग्ज आणून द्या, मग डिलिव्हरीचं बोला." तुला राग आला होता, कान लाल झाले होते तुझे. मला त्या फार आवडल्या.

आता आमच्याकडे काय चालतं ते थोडं सांगते, कारण तुला वाटतं की मी महिन्यातून एकदा जाऊन चहा पिऊन येते. कुणाची नावं, गावं, कोणतं ठिकाण, काही सांगणार नाही. ते बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे, आणि ती उद्या तुलाही असेल.

आमच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे. येणारी बाई त्यावर कधी एकटी बसलेली दिसत नाही. जाऊ असते, शेजारीण असते, शाळेतून मध्येच उठवून आणलेली लेक असते. आणि पहिला प्रश्न बहुतेकींचा एकच, "हा आयोगच ना?" राज्य महिला आयोग वेगळा, तो 1993 पासून आहे, मुंबईला असतो. जिल्ह्यात जनसुनावणीला येतो तेव्हा सभागृह भरून जातं, आणि तिथे बहुतेक गाऱ्हाणी नवऱ्याची नि सासरची. कामाच्या जागेचं आमच्याकडे. हे मी आधी समजावून सांगायची. आता सांगत नाही. "बसा, पाणी घ्या" म्हणते. ज्या दारात ती आली आहे ते चुकीचं आहे, हे ऐकायला ती दीडशे रुपयांची गाडी करून आलेली नसते.

मग कागद. तक्रार लेखी हवी, सहा प्रतींत, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. उशिराचं कारण पटलं तर आणखी तीन महिने देता येतात. जिला लिहिता येत नाही तिचं लिहून घेणं हे समितीचंच काम. तालुक्या-तालुक्यात तक्रार घ्यायला समन्वय अधिकारी नेमायचे असतात, म्हणजे सुरगाण्याच्या बाईला फक्त अर्ज द्यायला नाशिक गाठावं लागू नये. पण किती जणींना हे माहीत आहे? निफाड, दिंडोरीला द्राक्षांच्या थिनिंगला टोळीने जाणाऱ्या बायकांना विचारून बघ. कामाला नेणारी पिकअप हीसुद्धा कायद्याने 'कामाची जागा' आहे, हे मी एका बचत गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा बायका हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. एक म्हणाली, "म्हणजे गाडीत पुढं बसवतात ते पण?" मी हो म्हटलं. मुकादमाची बायको तिथेच होती, त्यामुळे पुढे कुणी बोललं नाही.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षीची. समोर एक बाई बसली होती, तुझ्या मावशीच्या वयाची. सगळं सांगून झालं तिचं. आणि मी, शाळेत तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारून जीभ सोकावलेली, पटकन बोलून गेले, "मग तेव्हाच का नाही सांगितलं?" तिने माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रश्नाला "आठवत नाही" एवढंच उत्तर दिलं. अध्यक्षबाईंनी चहा मागवला, विषय बदलला, पंधरा मिनिटांनी हळूच परत आणला. तोवर तिचा अर्धा जबाब गेला होता. घरी आल्यावर मी कुकर लावला आणि शिट्या मोजायच्या विसरले. बाबांना वाटलं माझी तब्येत बिघडली.

तो प्रश्न कुठल्या पुस्तकात 'विचारू नये' म्हणून लिहिलेला नव्हता असं नाही. प्रशिक्षणात सांगितला होता. मी वहीत उतरवूनही घेतला होता. म्हणून तू म्हणतोस ना, "समिती म्हणजे काय, चार नावं", तेव्हा मला ती बाई आठवते.

तू सुप्रीम कोर्टाच्या नावाने कुरकुरलास, की त्यांनी 2023 मध्ये तंबी दिली म्हणून ही सगळी नोंदणी मागे लागली. खटला काय होता ते वाचलंस का? गोवा विद्यापीठातल्या एका माणसाला समितीच्या चौकशीवरून नोकरीतून काढलं होतं. कोर्टाने ते काढणं रद्द केलं, कारण समितीने सुनावण्या एकामागोमाग उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरता वेळच दिला नाही. तक्रारी खऱ्या की खोट्या, त्याचा निकाल लागलाच नाही. वर्षं गेली ती दोघांचीही, त्याची आणि तक्रार करणाऱ्यांची. समितीला साक्षीला बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची आहे, वकील आत येऊ द्यायचा नाही. एवढं सगळं ज्यांच्या हातात द्यायचं, ती माणसं तू मेसेजवर सह्या घेऊन नेमतो आहेस.

आणि तो तुझा नेहमीचा प्रश्न, कुणी खोटी तक्रार केली तर? मुद्दाम खोटी केली असं चौकशीत ठरलं तर तिच्यावरही कारवाई होते, तशी तरतूद आहे. मात्र पुरावा देता आला नाही म्हणजे खोटी, असं धरायचं नाही, हेही तिथेच लिहिलंय. तुझ्या मित्रमंडळात पहिलंच वाक्य फिरत असणार.

1997 मध्ये सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला तेव्हा तू बालवाडीत होतास. राजस्थानात भटेरी गावची भंवरीदेवी, सरकारच्याच योजनेत 'साथिन' म्हणून काम करायची. बालविवाह थांबवायला गेली म्हणून 1992 मध्ये तिच्यावर अत्याचार झाला. आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. तिच्यासाठी महिला संघटना कोर्टात गेल्या आणि कामाच्या जागचा छळ रोखायचे नियम आले, त्यांचा कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं गेली. तुला आज कटकटीचा वाटतो तो फॉर्म तिथून निघाला आहे. शिक्षकी सवय, जाऊ दे.

समिती न केल्याबद्दलच्या 50,000 रुपये दंडाची भीती तुला आहे, ती असू दे. पण कर ते नीट कर. बाहेरच्या सदस्यासाठी दोन बायकांची नावं मी फोनवर सांगेन, एक वकील आहेत, एक संस्थेत काम करतात. दोघीही आधी शॉप बघायला येतील आणि तुला आवडणार नाहीत असे प्रश्न विचारतील. समितीची नावं आणि फोन नंबर मराठीत लाव, बिहारच्या पोरांसाठी हिंदीतही. कॉम्प्रेसरच्या मागे नको, हजेरीच्या पंचिंग मशिनपाशी लाव, जिथे सगळे रोज उभे राहतात. सगळ्यांना माहिती द्यायची बैठक जेवणाच्या सुट्टीत उरकू नकोस, कामाच्या वेळात घे. तासाभराचं प्रॉडक्शन जाईल, जाऊ दे. आणि कॉन्ट्रॅक्टरला त्या बैठकीत बसव.

शेवटचं. दसऱ्याला मी बायकांच्या संडासात गेले होते. दाराला आतून कडी नाही, सुतळी बांधली आहे. मावशींनी सांगितलं की एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. ट्रान्सपोर्टचे ड्रायव्हर मागच्या गेटने त्याच बाजूला येतात म्हणे. मी तेव्हा बोलले नाही, पूजा होती, पाहुणे होते. तीही माझी चूकच. त्या दिवशीच बोलायला हवं होतं.

जुन्या वाड्याच्या माळ्यावरची पितळी कडी बाबांनी घासून दिली आहे. डब्याच्या पिशवीत खाली आहे, चार स्क्रू कागदात गुंडाळून ठेवलेत, त्यातला एक जरा आखूड आहे. वर कोथिंबिरीच्या वड्या आहेत, त्या आजच संपवा. सूनबाईला सांग, डबा परत पाठवायची घाई नाही.

तुझी,
आई