किती वाजता खाल्ले, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की पुण्यातून कोकण, कोल्हापूर, महाबळेश्वर, अक्कलकोट-तुळजापूरकडे गाड्या सुटतात आणि ‘वाटेत जेवायला कुठे थांबायचे?’ ही विचारपूस सुरू होते. ‘अप्रतिम’, ‘एकदा जाच’, ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ अशी उत्तरे ढिगाने मिळतात. मात्र मागे आजी-आजोबा आणि भुकेली मुले बसलेली असताना गाडी नेमकी कुठे वळवायची, हे त्यातून कळत नाही. काय खाल्ले, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती जणांत आणि बिल किती झाले, एवढे तरी मत देणाऱ्याने सांगायलाच हवे. यातली वेळ बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

मिसळीचेच घ्या. बहुतेक ठिकाणी रस्सा पहाटे एकदाच मोठ्या पातेल्यात होतो आणि मंद आचेवर राहतो. गर्दी वाढली की त्यात गरम पाणी पडते. वरची तर्री तोवर आधीच्या गिऱ्हाइकांच्या वाट्यांत गेलेली असते आणि मटकीही जास्त शिजून मऊ पडते. सकाळी साडेआठला झणझणीत लागलेला रस्सा दुपारी साडेबाराला पाणचट लागला, तर दोन्ही मते खरी असतात. वेळ न लिहिल्यामुळे ती एकमेकांना खोडतात आणि वाचणारा दोन्ही सोडून देतो. सोबत पाव किती, जादा पावाचे पैसे वेगळे का, रस्सा पुन्हा वाढतात का, तर्री बाजूला काढून देतात का, हेही सांगावे. मुलांना घेऊन जाणाऱ्याला शेवटचे फार उपयोगी पडते. गावोगावची तऱ्हाही ध्यानात असावी. पुण्याकडे मिसळीत पोहे असतात, नाशिकला जोडीला पापड-दही येते, कोल्हापुरात पावाऐवजी स्लाइस ब्रेड मिळतो. ‘पाव नव्हता’ म्हणून कोल्हापूरच्या मिसळीला नावे ठेवणे हा त्या हॉटेलवर अन्याय आहे.

कोकणातल्या माशांबद्दल लिहिताना तर तारीख हवीच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटातली सुरमई बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असणार. खाडीचे मासे आणि छोट्या होडीवाल्यांनी आणलेले थोडेफार मिळतात, तेव्हा ‘आज खाडीचे काय आहे?’ असे विचारावे. जुलैत खाल्लेल्या सुरमईवरून त्या खानावळीला वर्षभराचा शेरा देऊ नये.

ताजेपणा ताटातही ओळखता येतो. ताज्या सुरमईची तुकडी चमच्याने दाबली की तिच्या ओलसर पाकळ्या सुटतात आणि मधला काटा सहज निघतो. बर्फात फार दिवस राहिलेली तुकडी कोरडी आणि तंतुमय लागते, चोथा खाल्ल्यासारखी. शिळी असेल तर मांस पिठूळ होते आणि मसाल्याखालून उग्र वास येतो. रव्याचा थर नको इतका जाड दिसला तर आधी थोडा सोलून पाहावा. अख्खा मासा घेणार असाल तर तळण्याआधी बघायला मागावा. कल्ले लाल हवेत, डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, बोटाने दाबल्यावर पडलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. मेनूकार्डावर पापलेटसमोर ‘साईजप्रमाणे’ लिहिलेले असते. तिथे मासा दाखवून आकडा वदवून घ्यावा आणि मगच तळायला सांगावा. बिलावरची बहुतेक भांडणे हे न विचारल्यामुळे होतात.

दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागरकडच्या घरगुती खानावळी पानांच्या अंदाजाने बाजार करतात. सकाळी नऊ-दहापर्यंत फोन करून किती पाने, किती शाकाहारी, भाकरी तांदळाची की पोळी, हे सांगावे. उकडीचे मोदक आदल्या रात्रीच आकड्यासकट सांगायचे, कारण गार झाले की पारी चिवट होते आणि कोणी आगाऊ करून ठेवत नाही. ताम्हिणी घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून फोन पुण्यातूनच उरकावा. न सांगता दुपारी अडीचला पोचून ‘जेवण संपले, सेवा वाईट’ असे लिहिणाऱ्यांमुळे चांगल्या खानावळी बदनाम होतात. याच कारणाने पुण्यात येणाऱ्या पाहुण्यांना आपणही आठवड्याची सुटी, दुपारची बंद वेळ आणि पार्किंगची सोय आधी सांगावी, पदार्थांची वर्णने नंतर.

सोलापूर रस्त्यावर भिगवणला उजनीच्या पाण्यातले मासे खायला पुणेकर मुद्दाम जातात. तिथले कौतुक करताना मासा कोणता, हे सांगायला विसरू नये. रोहू आणि कटल्याच्या मांसात वाय आकाराचे बारीक काटे असतात, ते मुलांच्या घशात अडकू शकतात. चिलापी (तिलापिया) माशात हा त्रास कमी.

जेवणाइतक्याच महत्त्वाच्या, पण जवळजवळ कोणीच लिहीत नाही अशा गोष्टी म्हणजे स्वच्छतागृह आणि पायऱ्या. बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, पाणी आणि दिवा आहे का, कमोड आहे का, गुडघे दुखणाऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील? चार-पाच तासांच्या प्रवासात कितीतरी बायका केवळ या भीतीने पाणी पीत नाहीत. ‘बायकांचे स्वच्छतागृह स्वच्छ, कडी नीट’ एवढ्या एका ओळीने मोठी सोय होते. प्रत्येक मतात ती असावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

बिल शेवटच्या आकड्यापर्यंत वाचावे. समजा चौघांचे जेवण १२०० रुपयांचे झाले. ५ टक्के जीएसटीने ते १२६० होते. १० टक्के सेवाशुल्क परस्पर लावले तर १२० त्याचे, त्यावर पुन्हा ६ रुपये कर, म्हणजे १३८६. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी असे परस्पर सेवाशुल्क लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई उचलून धरली. ते काढून टाका असे शांतपणे सांगावे. नाही ऐकले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. टेबलावर दिलेल्या बाटलीबंद पाण्याला छापील किमतीहून जास्त लावले, तर मात्र त्याला लूट म्हणू नये. हॉटेलांना तशी मुभा असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७चा निकाल आहे. साधे पाणी मागावे. बिलाचा फोटो कोणाला पाठवताना त्यावरचा आपला मोबाइल नंबर झाकावा आणि वाढप्याचे नाव कुठेही लिहू नये.

पोट बिघडले तर दोष शेवटच्या हॉटेलवर टाकण्याची घाई नको. काही जिवाणूंचे विष अन्नातच तयार झालेले असते, त्याने साधारण १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. सॅल्मोनेलासारख्या जंतूंचा त्रास मात्र ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो. म्हणजे दोषी कदाचित कालची चटणी असते आणि नाव आजच्या थाळीचे जाते. बरोबरच्या कोणी काय खाल्ले आणि कोणाला त्रास झाला, हे लिहून ठेवावे आणि आधी डॉक्टर गाठावा. तक्रार करायचीच असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. बिलावर १४ आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे, म्हणून बिल जपून ठेवावे.

पदार्थात खोट असेल तर ती आधी गल्ल्यावर सांगावी आणि त्यांनी काय केले, तेही मतात लिहावे. थाळी बदलून दिली असेल तर ते वाचणाऱ्याला कळायला हवे. मालक ओळखीचा असेल किंवा जेवण फुकट मिळाले असेल, तर ते पहिल्या ओळीत यावे.

आपण सुट्ट्यांच्या दिवसांत सहलींची माहिती छापता. त्या पानावर वाचकांच्या अशा टिपणांना आठवड्यातून एकदा अर्धा रकाना द्यावा, ही विनंती. टिपण ६० शब्दांचे पुरे: गाव आणि रस्ता, तारीख, वेळ, पदार्थ, माणशी खर्च, स्वच्छतागृह, पायऱ्या. तारीख किंवा वेळ नसलेले टिपण छापू नये. पावसाळ्यापुरते कोकणच्या टिपणांवर मासेमारी बंदीच्या तारखाही द्याव्यात.

कळावे,
आपला एक वाचक, पुणे