क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे

‘क्लाउड’ साठवणुकीची, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर माहिती ठेवण्याची, भलामण करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. स्वतःचा सर्व्हर विकत घेण्याची व सांभाळण्याची गरज उरत नाही, हा त्यातील मुद्दा लहान व्यवसायांपुरता रास्तच आहे. मात्र ‘एकदा क्लाउडवर ठेवले की काळजी मिटली’ हे विधान पटत नाही. घरोघरी वापरली जाते ती सोय बहुधा ‘सिंक’ची असते, म्हणजे एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे उमटतो, आणि खोडलेलेही सगळीकडून खोडले जाते. लॅपटॉपवर जागा करण्यासाठी मी जुन्या फोटोंचे एक फोल्डर काढून टाकले, ते फोनवरूनही गेले. हे ध्यानात येईपर्यंत खोडलेल्या गोष्टी काही काळ ठेवणाऱ्या ‘ट्रॅश’मधील मुदतही उलटली होती. अर्थात ही चूक माझीच.

व्यवसायांची गोष्ट याहून गंभीर आहे. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे एक डेटा सेंटर (ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या सर्व्हरची इमारत) आगीत भस्मसात झाले, तेव्हा दुसरीकडे प्रत न ठेवलेल्या अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. उलट मे 2024 मध्ये ‘युनिसुपर’ या ऑस्ट्रेलियातील निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरील यंत्रणा सेटिंगमधील चुकीमुळे पुसली गेली, तरी अन्य कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपची मदत झाल्याने त्याची सेवा पूर्ववत होऊ शकली. अशी वेगळी प्रत ठेवण्याचा खर्च लेखातील बचतीच्या हिशेबात कुठेच धरलेला दिसला नाही.

– एक वाचक