आमच्या तलावाची गळती शोधून देणाऱ्या अभियंता काकांस जाहीर आभारपत्र

कोथरूड, पुणे

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, अशी तंबी आपण दिल्यामुळे हे पत्र बिननावी लिहीत आहे. ते कोणाला उद्देशून आहे, हे सोसायटीतल्या लहानथोरांना सांगावे लागणार नाही.

शेवाळ, गुलमोहराचा पाचोळा आणि डासांच्या अळ्या यांचे आगर झालेला आमचा जलतरण तलाव दुरुस्त करायचे ठरले, तेव्हा आलेल्या प्रत्येक कंत्राटदाराने सगळ्या टाइल्स उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करण्याचाच सल्ला दिला होता. पाणी नेमके कुठून जाते, हे पहिल्यांदा विचारलेत ते आपण. भर पावसाळ्यात तलाव उपसायला निघालेल्या मंडळींनाही आपणच थांबवलेत. आपल्याकडे मुरुमाखाली काळा पाषाण लागतो, पावसाचे मुरलेले पाणी त्यावर अडून राहते आणि तलाव रिकामा असेल तर तेच पाणी तळाला खालून रेटते. त्या दाबाने तळाला तडे जातात, प्रसंगी अख्खी टाकी उचलली जाते, हे आपण कागदावर आकृती काढून पटवून दिलेत.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, आपण तलावाच्या पायरीवर एक बादली ठेवलीत, तिच्यात तलावाच्या पातळीइतके पाणी भरलेत आणि आतबाहेर खुणा केल्यात. उन्हाने पाणी दोन्हीकडे सारखेच घटते, तेव्हा तलावात जे जास्त उतरेल ती गळती, इतका साधा हिशेब. दुसऱ्या दिवशी बाहेरची पातळी एक सेंटिमीटर जास्त उतरलेली निघाली. २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद तलावात एक सेंटिमीटर म्हणजे रोजचे अडीच हजार लिटर पाणी, हे ऐकून टँकरची बिले भरणारे आमचे खजिनदार काही वेळ बोललेच नाहीत.

पुढे पाणी आपोआप उतरू दिले, ते पाण्याखालच्या दिव्यांपाशी येऊन थबकले. मग पंप बंद ठेवून आपण या वयात स्वतः पाण्यात उतरलात आणि एकेका दिव्याच्या खोबणीपाशी सिरिंजने लाल रंग सोडत गेलात. एका दिव्यामागच्या वायरीच्या नळीत तो रंग बारीक धाग्यासारखा ओढला गेला, तेव्हा काठावर उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचे काम फारच थोडके निघाले: नळीचे तोंड बुजवणे, निखळलेल्या टाइल्स बसवणे, सांधे भरणे, फिल्टरमधली वाळू बदलणे. खर्चाच्या एका बाबीत मात्र आपण काटकसर करू दिली नाहीत. तळाशी निचऱ्याची एकच सपाट जाळी असेल तर पंपाच्या ओढीने पोराचे केस किंवा अंग तिला चिकटून बसू शकते, म्हणून एकमेकांपासून दूर अशी दोन तोंडे आणि त्यांवर फुगीर झाकणे बसवल्याखेरीज पाणी भरायचे नाही, असे आपण बजावलेत. माझ्या मते सगळ्या कामातला हाच सर्वांत मोलाचा आग्रह होता.

आपण सांगितलेली नोंदवही रोज भरली जाते. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात इतके भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, ७.२ ते ७.८ यांच्या बाहेर गेला की तलाव त्या वेळेपुरता बंद असतो, मग कोणी कितीही कुरकुर करो. मानधन आपण घेतले नाहीत, म्हणून त्या रकमेतून तलावाच्या काठावर तरंगत्या रिंगा आणि दोर ठेवले आहेत. नव्या देखभाल कर्मचाऱ्याला फिल्टरचे बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुणे, एकदा आपल्या नजरेखाली शिकवावे, एवढी विनंती शिल्लक आहे. सवड असेल तेव्हा कळवावे.

आपला नम्र,
सचिव, व्यवस्थापन समिती